दोष रक्ताचा की टिकलीचा?

आपल्याकडे बाईच्या अंगावर काही उठलं की पहिलं निदान घरातच होतं. ‘रगत खराब झालंय’, ‘उष्णता वाढली’, ‘वांगं खाल्लं असशील’. आणि कपाळावर पांढरं काही दिसलं तर मग बोलणंच खुंटतं. सासूबाई पाण्याचा हंडा भरू देत नाहीत, शेजारीण हळदीकुंकवाला बोलवायचं नेमकी विसरते. हेच गडीमाणसाच्या अंगावर उठलं तर ‘रानात काहीतरी लागलं असेल’ म्हणून विषय संपतो. पुरुषाच्या दुखण्याचं कारण बाहेर शोधायचं आणि बाईच्या दुखण्याचं तिच्या रक्तात, तिच्या खाण्यात, नाहीतर तिच्या नशिबात! हे काही मला पटत नाही, आणि शास्त्रालाही पटत नाही.

आमचं वैशाखरे नाणेघाटाच्या पायथ्याशी, कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बचत गटाच्या कामामुळे आजूबाजूच्या वाड्यापाड्यांवर माझं जाणं-येणं असतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, डॉक्टर नव्हे. पण आरोग्य शिबिरात नावं लिहून घ्यायला त्वचेच्या डॉक्टरांशेजारी बसलं की बरंच कानावर पडतं. मग घरी येऊन मी ते पुस्तकात ताडून पाहते. अशाच एका शिबिरात एक मुलगी आली होती. लग्न ठरलेलं, साखरपुडा व्हायचा होता. भुवयांच्या मधोमध चार आण्याच्या नाण्याएवढा पांढरा डाग. मुलाकडच्यांनी ‘कोड आहे, फसवलंत’ असा निरोप धाडलेला. आई रडत होती, मुलगी तर वर मान करून बघेनाच. डॉक्टरांनी डागाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘टिकलीचं पाकीट आहे का जवळ?’ आईने पिशवीतून काढलं. त्यांनी त्यातली एक टिकली डागाशेजारी धरली. आकार तंतोतंत तोच.

त्या टिकलीच्या मागे जो चिकट लेप असतो, त्याची ही करामत. अनेक टिकल्यांच्या डिंकात पॅराटर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं. आपल्या कातडीला रंग देणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांना ते मारतं. अलाहाबादचे डॉ. ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली हे टिकलीच्या बाबतीत दाखवून दिलं. म्हणजे ही माहिती काही काल-परवाची नाही. काहींना आधी खाज येते, लाली येते, मग डाग पडतो. काहींना खाज वगैरे काही नाही, थेट पांढरं. टिकली वेळेवर बंद केली तर पुष्कळदा रंग हळूहळू परत येतो, कधी औषध घ्यावं लागतं, कधी नाही येत. पण बायका नेमकं उलटं करतात. डाग झाकायला आणखी मोठी टिकली लावतात! आकार वाढतो तसा डाग वाढतो.

आता ‘कोड’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण खरी भीती त्याचीच असते. खरं कोड वेगळं. त्यात बाहेरचं रसायन नसतं. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था, जिला प्रतिकारशक्ती म्हणतात, तीच रंगाच्या पेशींना शत्रू समजून मारू लागते. कोड स्पर्शाने, जेवणाने, एका पाटावर बसण्याने होत नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. म्हणजे त्या मुलीचा डाग कोडाचा निघाला असता, तरी तिला बाजूला बसवायला काही आधार नव्हता. टिकलीचा निघाला म्हणून आईने सुटकेचा श्वास टाकला, हे मी समजू शकते. पण त्या सुटकेच्या श्वासातही कोड असलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीचा अपमान होताच.

ही प्रतिकारशक्ती म्हणजे दारातल्या कुत्र्यासारखी समजा. चोर आला की भुंकायचं, चावायचं, हे तिचं काम. जंतू, विषाणू हे चोर. कधी ती निरुपद्रवी पाहुण्यावरच तुटून पडते, त्याला अ‍ॅलर्जी म्हणायचं. आणि कधी घरच्याच पोराला चावते, तेव्हा कोड, आमवात, थायरॉइडचे काही प्रकार असे आजार होतात. कुत्रं अशक्त झालं म्हणून हे होत नाही, उलट ते नको तिथे जास्त जोर लावतं. म्हणून अ‍ॅलर्जी असलेल्या बाईला ‘तुझी शक्ती कमी झालीय, टॉनिक घे’ म्हणणं म्हणजे भलत्याच ठिकाणी पैसे घालवणं. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द 1906 साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने काढला. लस टोचलेल्या मुलांचं शरीर दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा निराळं वागतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

यातलं ‘दुसऱ्या वेळी’ हे फार महत्त्वाचं आहे. शिबिरात डॉक्टरांनी ‘हे कानातल्यामुळे झालंय’ किंवा ‘हे डायमुळे झालंय’ म्हटलं, की दहातल्या नऊ बायका एकच उत्तर देतात, ‘छे हो डॉक्टर, ते तर मी दहा वर्षं वापरते!’ त्यांना वाटतं, जुनी वस्तू म्हणजे निर्दोष. अ‍ॅलर्जीचं गणित बरोबर उलटं आहे. पहिल्यांदा लावलेल्या गोष्टीची अ‍ॅलर्जी सहसा लगेच उठत नाही, कारण शरीराने ती अजून ओळखलेलीच नसते. ओळख पटायला कमीत कमी दहा-पंधरा दिवस लागतात, कधी वर्षंच्या वर्षं जातात. आणि एकदा ती ओळख पक्की झाली की बहुधा जन्मभर पुसली जात नाही. तेव्हा संशय घ्यायचाच तर रोजच्या, सवयीच्या वस्तूवर आधी घ्या.

दुसरी गंमत वेळेची. अंगावर उठणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या दोन तऱ्हा. एक झटपट. कोळंबी खाल्ली, गोळी घेतली, माशी चावली, आणि काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत लाल गांधी उठल्या. आपण याला ‘पित्त उठलं’ म्हणतो आणि आमसुलाचं पाणी लावतो. पोटातल्या पित्ताशी याचा संबंध नाही. कातडीखालच्या काही पेशींत हिस्टामीन नावाचं द्रव्य साठवलेलं असतं, ते एकदम सुटतं. या पेशींना इशारा देणारा रक्तातला घटक 1966 साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवरा-बायकोने शोधून काढला. त्यासाठी दोघांनी स्वतःच्याच अंगावर टोचून घेऊन पाहिलं होतं. संसार कसकसला असतो बघा!

दुसरी तऱ्हा सावकाश. वस्तू कातडीला लागल्यावर ओळख ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, मग सूज, खाज, पाणी सुटणं, खपल्या. याला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून कोड्यात पडायला होतं. सोमवारी केसांना डाय लावला, बुधवारी पापण्या सुजल्या. बाई आठवते काय, तर बुधवारी सकाळी काय खाल्लं! बिचाऱ्या वांग्यावर, अंड्यावर नाहक आळ येतो आणि पथ्य सुरू होतं. बाळंतिणीचं, पोरवयातल्या मुलीचं खाणं तोडलं जातं, आणि डाय मात्र पुढच्या महिन्यात परत लागतो. तेव्हा अंगावर काही उठलं तर आजचं नको, परवाचं आठवा.

आपल्या मराठीने ही सावकाश तऱ्हा केव्हाच ओळखली आहे. बिब्बा ‘उततो’ म्हणतात ना, ती हीच. टाचेला भेग पडली, काटा रुतला की जुनी माणसं बिब्बा तापवून त्याचं तेल लावतात. कुणाला चालतो, कुणाला असा उततो की पाय सुजून फोड येतात. काहींना तर फोडणाऱ्याच्या शेजारी बसलं तरी तोंड सुजतं. ‘मला नाही उतत’ असं छातीठोकपणे सांगणारी माणसं असतात, आणि एखाद्या वर्षी त्यांनाही तो उततो. बिब्ब्याचं तेल मुळात जळजळीतही आहे, त्यामुळे अ‍ॅलर्जी नसली तरी जास्त लावलं तर भाजतंच, हे वेगळं. धोबी पूर्वी कपड्यांवर खुणा करायला हाच रस वापरायचे. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, जिथे सदऱ्याच्या पट्टीवर धोब्याची खूण असायची, नेमकं तिथेच उठायला लागलं. त्यांच्या डॉक्टरांनी 1943 मध्ये ते लिहूनही ठेवलं. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. कच्च्या काजूच्या टरफलाचं तेल आणि कैरीच्या देठाचा चीक काहींना का बाधतो, ते यावरून कळेल. मात्र खाजकुइली यात धरू नका हं. तिच्या कुसळांनी सगळ्यांनाच खाज येते, पहिल्याच वेळी आणि ताबडतोब. ती अ‍ॅलर्जी नव्हे, ती नुसती खाजकुइली!

उठलं कुठे, याचा आकार बघायला शिका. कानाच्या पाळीला, मंगळसूत्राच्या मागच्या हुकाखाली, बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिनेखाली, पेटीकोटऐवजी जीन्स घालणाऱ्या लेकीच्या बेंबीखाली बटणाजवळ: हे निकेलचं काम. स्वस्त, चमकणाऱ्या दागिन्यांत निकेल असतं आणि घामाने ते सुटतं. जगभरात बायकांना होणाऱ्या त्वचेच्या अ‍ॅलर्जीत निकेलचा नंबर सगळ्यात वर. युरोपने 1994 मध्येच कायदा करून दागिन्यांतल्या निकेलवर मर्यादा आणली. पायावर चपलेच्या पट्ट्याचा हुबेहूब छाप उमटला तर रबरातलं रसायन. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बायकांच्या हातांना सिमेंटमधलं क्रोमियम. आणि एक खास आपलं, गृहिणींचं. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, यांचीच टोकं फुटली असतील, उजव्या हाताला काहीच नसेल, तर लसूण! उजव्या हातात सुरी, डाव्या हातात पाकळी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतकं नवल वाटलं की महिनाभर मी भेटेल तिची बोटं बघत होते. साबण-सोड्याने दोन्ही हात कोरडे पडून फुटतात, ती बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसते, नुसती झीज असते. त्याला खोबरेल तेल आणि कमी सोडा.

मेंदीचं विचाराल तर झाडाची पाल्याची मेंदी फारशी बाधत नाही. बाधते ती काळी मेंदी. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या मेंदीत बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी मिसळलेलं असतं. लग्नघरात लहान मुलींच्याही हातावर ती काढतात. त्या वेळी फार तर थोडी खाज येईल. पण शरीराने ओळख ठेवली, की वीस वर्षांनी तीच मुलगी पहिल्यांदा डाय लावेल तेव्हा तिचं तोंड सुजेल. आणि तेव्हा कुणाला ती लग्नातली मेंदी आठवायची? डायच्या पाकिटावर आधी कातडीवर थोडा लावून बघा, अशी सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ती वाचा तरी. टिकलीच्या पाकिटावर मात्र देवीचं नाहीतर नटीचं चित्र सोडलं तर मी आजवर एक अक्षरही कामाचं पाहिलेलं नाही. कोणता डिंक, कोणता रंग, बनवणारा कोण, काही नाही. जी वस्तू कोट्यवधी बायका रोज सकाळी कपाळाला चिकटवतात, तिच्यावर एवढी साधी माहिती छापायला लावणं सरकारला अशक्य आहे का? महिला मंडळांनी हा विषय लावून धरावा असं मला वाटतं. तोवर टिकली रात्री काढून ठेवा, जागा थोडी बदलती ठेवा, आणि खाज आली की टिकली बंद. भुकटीचं कुंकूही निर्धोक समजू नका. हळदीचं असेल तर ठीक, पण बाजारातल्या भडक कुंकवात रंगाची रसायनं असतात.

आता गवताबद्दल, कारण पावसाळा आला की आमच्या शिबिरात याचीच माणसं जास्त. गाजर गवत, ज्याला पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे काँग्रेस गवत म्हणतात, त्याची भारतातली शास्त्रीय नोंद 1956 ची, आपल्या पुण्याची. अमेरिकेच्या गव्हातून आलं असं म्हणतात. साठच्या दशकाच्या शेवटाला पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणी चिघळलेल्या रुग्णांची रीघच लागली. या गवतातलं पार्थेनिन हे द्रव्य त्याचं कारण निघालं. गवताला हात लावायलाच पाहिजे असं नाही, वाळलेला चुरा वाऱ्याबरोबर येतो. उन्हाने तोंड रापलं असेल तर पापण्या, हनुवटीखाली आणि कानामागे सावली असल्याने तिथे कमी असतं. गवताच्या अ‍ॅलर्जीत तिथेही चिघळतं. गवत खाणारा मेक्सिकोचा भुंगा 1984 मध्ये बंगळूरला आणून सोडला, त्याचा काही ठिकाणी उपयोगही झाला. पण गवत आहेच.

आणि ते उपटायला कोण जातं? ग्रामस्वच्छतेचं अभियान निघालं, की फोटोपुरते दोन पुढारी आणि बाकी बचत गटाच्या बायका, उघड्या हातांनी! मी आमच्या ग्रामसभेत बोलले आहे आणि इथेही लिहिते. फुलं येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना उपटा. हातमोजे, निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधून, पूर्ण बाह्या घालून, तोंडाला रुमाल लावून. काम झालं की आंघोळ आणि त्याच दिवशी कपडे धुवायचे. आणि जिला आधीच चेहऱ्यावर उठतं, तिला या कामाला बोलवायचंच नाही. ती नाही आली म्हणून कामचुकार म्हणायचं नाही.

एक गोष्ट मात्र जिवाशी खेळणारी. गांधील माशी चावली, इंजेक्शन घेतलं किंवा काही खाल्लं, आणि अंगावर गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, उलट्या झाल्या, चक्कर आली, तर ते ‘पित्त’ समजून घरी थांबू नका. ‘मागच्या वेळी चावली तेव्हा तर काही झालं नव्हतं’ हे म्हणणं इथे फार घातक. फ्रान्सच्या शार्ल रिशे यांनी 1902 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात हेच पाहिलं. पहिल्या वेळी पचलेल्या विषाचा डोस काही आठवड्यांनी पुन्हा दिला, तर कुत्रं अर्ध्या तासात मेलं. या शोधाला 1913 चं नोबेल मिळालं. यावर पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या स्नायूत. खाजेची गोळी पुरत नाही. लगेच 108 ला फोन करा, माणसाला आडवं ठेवा, पाय उंच करा, दम लागत असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करून चालवू नका. आमच्याकडे पाड्यावरून रस्त्यावर यायलाच वेळ जातो, म्हणून ‘थोडं बघू या’ हे परवडत नाही. पुढे कोणत्याही दवाखान्यात गेलात की सुई टोचण्याआधी आपणहून सांगा, मला अमुक औषधाची रिॲक्शन आली होती. नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

बाकी खाजेला मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणून चोळायची सवय सोडा. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून महिनोन् महिने लावतात आणि कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लव येते, नायटा असेल तर भडकतो. सरकारने 2018 मध्ये अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण मिळायची ती मिळतातच.

कारण सापडत नसेल तर पॅच टेस्ट करून घ्या. योझेफ याडासोन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने 1895 साली काढलेली ही युक्ती अजून तशीच चालते. पाठीवर चिकटपट्ट्यांखाली निकेल, रबर, रंग, गाजर गवत अशा गोष्टींचे थेंब लावतात. दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघतात आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा. रक्त काढत नाहीत, दुखत नाही. मुंबईत केईएम, जेजेसारख्या मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे, तिथे टेस्टचा वार आधी विचारून घ्यावा. जाताना पिशवीत टिकलीचं पाकीट, डायचा खोका, साबणाचा कागद, कानातलं, चपलेचा फोटो, आणि शेतात काय फवारलं त्याचं नाव, सगळं न्या. पूर्वी लावलेल्या ट्यूबाही न्या, लाजू नका. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवता येत नाही, घामही चालत नाही. त्यामुळे भातलावणीच्या दिवसांत किंवा वैशाखात जाऊन उपयोग नाही. दिवाळीनंतर, कापण्या-झोडण्या आटोपल्या की जा.